हाताला काय कळलं, ते कुणाला सांगायचं

डौलाचं काम शिकलेल्या बहुतेकींना पहिल्या काही बाळंतपणांनंतर एक अडचण जाणवते. श्वास कसा घ्यायला लावायचा, धीर कसा द्यायचा, खोलीतला उजेड कमी का करायचा, हे सगळं शिकून झालेलं असतं. पण कळा देणाऱ्या बाईच्या कमरेवर हात ठेवल्यावर हाताखाली जे लागलं त्याचा अर्थ काय, हे कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून त्या हाताने शरीर ओळखायला शिकवणाऱ्या कार्यशाळांकडे वळतात. त्यांनी वळावंच, असं माझं मत आहे. फक्त एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पक्की हवी. हाताला जे कळतं त्यातलं काही डौलाने स्वतः वापरायचं असतं, काही त्या बाईलाच सांगायचं असतं, आणि काही एक क्षणही न दवडता सिस्टरांपर्यंत पोचवायचं असतं. ही वाटणी ज्या शिक्षणात येत नाही ते अपुरं आहे, आणि प्रसंगी धोक्याचंही.

डौला म्हणजे बाळंतपणाआधी, कळांच्या सगळ्या काळात आणि बाळ झाल्यावरही बाईच्या जवळ राहून तिला आधार देणारी शिकलेली सोबतीण. या कामाची जगातली सर्वांत परिचित संस्था, डोना इंटरनॅशनल, १९९२मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिच्या नियमांत स्पष्ट म्हटलंय की रक्तदाब मोजणं, बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकणं, आतून तपासणं ही वैद्यकीय कामं डौलाने करायची नाहीत. भारतात डौला म्हणून काम करायला सरकारी नोंदणी नाही. प्रसूतीची तपासणी करण्याचा अधिकार डॉक्टरांना आणि नोंदणीकृत परिचारिका-प्रसाविकांना आहे. कार्यशाळेच्या प्रमाणपत्राने तो अधिकार मिळत नाही, मग त्यावर ‘शारीरिक तपासणी प्रशिक्षण’ असं छापलेलं असलं तरीही.

तर मग हात शिकवायचे कशासाठी? १९८०मध्ये ग्वाटेमालातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अनोळखी आणि कसलंही प्रशिक्षण नसलेल्या स्त्रिया कळा देणाऱ्या बायकांजवळ बसल्या, त्यांची पाठ चोळली, हात धरला, बोलत राहिल्या. ज्यांना सोबत मिळाली त्यांची प्रसूती सरासरी ८.८ तासांत झाली. ज्यांना मिळाली नाही त्यांची १९.३ तासांत. पुढे २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात १५ हजारांहून जास्त स्त्रियांची माहिती एकत्र पाहिली गेली. अखंड सोबत मिळालेल्यांमध्ये नैसर्गिक प्रसूती जास्त आणि सीझर कमी, हेच त्यातही दिसलं. म्हणजे गुण सोबतीत आहे, स्पर्शात आहे. हात शिकवायचे ते हा स्पर्श नेमका व्हावा आणि धोक्याची खूण हाताखालून निसटू नये म्हणून.

आधी डोळे, मग परवानगी, मग हात

शिकाऊ डौला घाईने हात लावते. मी शिकवताना पहिला तास हात मागे बांधून बघायला लावते. बाईचे खांदे कानांकडे चढलेत का? जबडा आवळलाय का? मुठी वळल्यात की बोटं सैल आहेत? पायाची बोटं आत वळतात का? कळ येते तेव्हा श्वास अडतो की वाहतो? कळ गेल्यावर ती पुन्हा तुमच्याकडे बघते का, की आतच बुडालेली राहते? आवाज उंच, गळ्यातून निघतोय की खोल, पोटातून? वरच्या ओठावर घाम, पायांना कापरं, उलटीची भावना, “आता मला नाही जमणार” हे वाक्य, हे सगळं बहुधा गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडायच्या आधीच्या टप्प्यात एकत्र येतं. यातल्या एकाही गोष्टीसाठी हात लावावा लागत नाही.

मग परवानगी. आपल्याकडे खोलीत सासू, आई, मावशी असतात आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या देतात. “हो हो, दाबा तुम्ही कंबर.” प्रेमापोटी बोलतात, त्यांना दुखवायचं नाही, पण उत्तर तिच्याकडूनच घ्यायचं. तिच्या डोळ्यांच्या पातळीवर या, कळ नसताना विचारा: “ताई, कमरेवर हात ठेवू का? आवडलं नाही तर नुसता हात हलवा, मी लगेच काढते.” परवानगी एकदा मिळाली म्हणजे दिवसभराची मिळाली, असं होत नाही. पहाटे ज्या मालिशने ती निवली, तीच दुपारी तिला सहन होणार नाही. कळांच्या शेवटच्या टप्प्यात अनेकींना स्पर्शच नको होतो. तो नकार ही माहितीच आहे. ती वहीत लिहा, मनाला लावून घेऊ नका.

अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढलेलं, नखं कापलेली, हात साबणाने धुऊन ऊबदार केलेले. हे इतकं प्राथमिक आहे की सांगायची गरज वाटू नये, तरी सांगते.

आधी स्वतःची हाडं

चित्रातल्या पेल्विसवरून काही शिकता येत नाही. स्वतःच्या अंगावर शोधा. कमरेवर हात ठेवून उभ्या राहा. हाताच्या कडेखाली जो हाडाचा कंगोरा लागतो तो पेल्विसचा वरचा काठ. तिथून बोटं मागे नेली की पाठीच्या खालच्या भागात दोन खळगे लागतात. त्या दोघांच्या मधून खाली निमुळतं होत जाणारं त्रिकोणी हाड म्हणजे त्रिकास्थी, आणि त्याच्या टोकाशी माकडहाड. पुढे, ओटीपोटाच्या अगदी खालच्या टोकाला जघनास्थीचा जोड. आता लाकडी खुर्चीवर दोन्ही तळहात वर करून त्यांच्यावर बसा. टोचतात ती बसायची हाडं.

तशाच बसलेल्या असताना गुडघे एकमेकांजवळ आणा आणि पावलं बाहेर न्या. बसायची हाडं एकमेकांपासून लांब सरकताना तळहातांना कळेल. आता गुडघे लांब करा, पावलं आत घ्या. हाडं जवळ येतात. मला वाटतं सबंध कार्यशाळेतला सर्वांत मोलाचा धडा हाच, आणि त्याला पैसे पडत नाहीत. मांडी आत वळली की पेल्विसचं खालचं तोंड रुंदावतं. मांडी बाहेर वळली की वरच्या तोंडाला जागा मिळते. म्हणजे बाळाचं डोकं अजून वर असेल तेव्हा गुडघे पसरून खोल बसणं, पुढे झुकणं उपयोगी. आणि डोकं खाली आल्यावर, जोर लावायच्या वेळी, गुडघे थोडे आत आणि पावलं बाहेर. आपल्याकडे जोर लावायला सांगताना गुडघे शक्य तितके फाकवून छातीकडे ओढायला लावतात. बाळ खाली अडलं असेल तर काही कळांपुरतं उलटं करून बघायला हवं, हे हातांवर बसून पाहिलेल्या डौलाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

डोकं वर आहे की खाली, हे मात्र तुम्ही हाताने ठरवायचं नाही. सिस्टरांनी तपासल्यावर विचारा, “डोकं किती खाली आलंय?” बहुतेक सिस्टर आनंदाने सांगतात. तपासणी त्यांची, आणि त्या माहितीवर कोणती बैठक सुचवायची ते तुमचं काम. ही देवाणघेवाण जमली की दोघींचं काम सोपं होतं.

पाठीच्या खालच्या भागातल्या पतंगासारख्या आकाराच्या जागेला जर्मन प्रसूतितज्ज्ञ गुस्ताव मिखाएलिस यांचं नाव आहे. बाई ओणवी किंवा पुढे झुकलेली असेल तर जोर लावायच्या टप्प्यात हा भाग मागे फुगून आल्यासारखा दिसतो, आणि ती हात वर करून काहीतरी धरायला बघते. त्रिकास्थी मागे सरकून बाळाला वाट देते. म्हणून त्या क्षणी तिला उताणं झोपवू नये, आणि त्या हाडावर जोराने दाबूही नये. इतका वेळ जो दाब तिला हवाहवासा होता तो आता तिनेच झिडकारला, तर हात काढा आणि सिस्टरांना हाक मारा.

कमरेवरचा दाब

कळांमध्ये कंबर दुखणाऱ्या बाईला हवा असतो तो दाब नवशिक्या हाताच्या अंदाजापेक्षा बराच जास्त असतो. किती जास्त, हे शिकायला घरातला वजनकाटा वापरा. काटा भिंतीला उभा टेकवा, तळहाताच्या टाचेने दाबा, आणि आकडा बघा. मग कोपर सरळ ठेवून, पाय मागेपुढे घेऊन, अंगाचं वजन टाकून दाबा. मनगटाच्या ताकदीने आणि अंगाच्या वजनाने आलेल्या आकड्यांत केवढा फरक पडतो ते दिसेल. मनगटाच्या ताकदीवर काम करणाऱ्या डौलाचे हात रात्र संपायच्या आत निकामी होतात. दाब मिनिटभर एकसारखा ठेवायचा सराव करा. कळ तेवढी असते, आणि मध्येच ढिला पडलेला दाब बाईला दाब नसण्यापेक्षा जास्त त्रास देतो.

जागा तिने ठरवायची. त्रिकास्थीवर तळहात ठेवा, विचारा, “इथे? वर? खाली?” बोटभर फरकाने सगळं बदलतं. दुसरा प्रकार दोन्ही बाजूंनी दाबायचा: ती पुढे झुकलेली, तुम्ही मागे, दोन्ही तळहात नितंबांच्या सर्वांत रुंद भागावर, वरच्या हाडाच्या काठाखाली, आणि दाब आत मध्याकडे. जोडीला नवरा असेल तर त्याने एक बाजू घ्यावी. तिसरा प्रकार खुर्चीतला. ती पाठ टेकून ताठ बसलेली, पावलं जमिनीवर टेकलेली, गुडघे थोडे लांब. तुम्ही समोर बसून दोन्ही गुडघ्यांवर तळहात ठेवता आणि मांडीच्या रेषेत सरळ मागे, खुब्याकडे दाबता. पाठीला हात न लावता कंबर सुटते. गुडघ्याचं, खुब्याचं जुनं दुखणं असेल तर हे करायचं नाही.

आता यातून काय कळतं ते. दुखणं कळेबरोबर येतं आणि कळेबरोबर जातं, दाबाने उतरतं, बैठक बदलली की जागा बदलतं: हे सगळं तुमच्या हातातलं आहे, काम चालू ठेवा. कळ गेल्यावरही कमरेत ठणकतच राहिलं, पुढच्या बाजूला बाळाच्या हातापायांची चुळबुळ जाणवत असेल, बेंबीभोवती पोट थोडं खोलगट दिसत असेल, तर बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असण्याचा संभव असतो. असं निदान मात्र तोंडातून काढू नका. कळा सुरू होताना अशी असलेली बहुतेक बाळं वळतात. जन्मापर्यंत तशीच राहणारी सगळ्या बाळांत शंभरात साधारण पाच. तुमचं वाक्य त्या बाईच्या मनात घर करून बसलं आणि बाळ तासाभरात वळलं, तर उरलेली भीती तुम्ही दिलेली असते. सिस्टरांना सांगा: “दोन तासांपासून कळ गेल्यावरही कंबर दुखतेय, दाब दिल्यावर थोडं बरं वाटतं.” आणि बाईला चार पायांवर ओणवं राहायला, चेंडूवर पुढे रेलायला सुचवा. ओणवं राहिल्याने कंबरदुखी कमी होते याला अभ्यासाचा आधार आहे. बाळ त्यामुळेच वळतं असं ठामपणे सांगता येत नाही, म्हणून तसं वचन देऊ नका.

कळ हाताखाली

बोटांच्या टोकांनी गर्भाशयाच्या माथ्याशी, म्हणजे पोटाच्या वरच्या भागात, हलका हात ठेवला की कळ बाईला जाणवायच्या जरा आधीच हाताला कळते. शिकवायची जुनी खूण अशी: दाबून बघताना नाकाच्या शेंड्याइतकं कडक लागलं तर कळ सौम्य, हनुवटीइतकं तर मध्यम, कपाळाइतकं तर जोराची. एका कळेच्या सुरुवातीपासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर मोजायचं. मधली विश्रांती म्हणजे अंतर नव्हे. यात शिकाऊ डौला आणि घरचे दोघंही चुकतात, आणि फोनवर दवाखान्याला भलतीच माहिती जाते.

बाईच्या पोटाला बांधलेल्या पट्ट्याच्या आलेखाकडे बघून “ही तर लहानच कळ होती” असं घरचे म्हणतात. त्यांना समजावा की बाहेरून बांधलेला पट्टा कळ केव्हा आली आणि किती वेळ राहिली ते दाखवतो. ती किती जोराची होती हे आलेखाच्या उंचीवरून ठरत नाही. ते तिला कळतं, आणि थोडंफार हाताला.

हाताने मोजायची गोष्ट खरं म्हणजे कळेपेक्षा कळेनंतरचं सैल होणं. दोन कळांच्या मध्ये पोट मऊ पडलं पाहिजे. बाळाला रक्त आणि प्राणवायू मुख्यतः त्या मधल्या वेळात मिळतो. दहा मिनिटांत पाचांहून जास्त कळा येऊ लागल्या, विशेषतः कळा वाढवायचं सलाईन चालू असताना, तर सिस्टरांना सांगा. पोट मऊ पडेनासं झालं, फळीसारखं ताठ आणि दुखरं राहिलं, सोबत रक्त गेलं किंवा नाही गेलं तरी, धावत जाऊन सांगा. वार सुटली असण्याची ती खूण असू शकते. आधी सीझर झालेल्या बाईला टाक्यांच्या जागी कळ नसतानाही दुखतंय, किंवा जोरात चाललेल्या कळा एकाएकी थांबल्या, तर तेही त्याच घाईने. इथे विचार करत बसायचं नाही, वहीत लिहायला थांबायचं नाही. पाणी गेल्यावर ते हिरवट किंवा रक्ताळ दिसलं, किंवा नाळेसारखं काही बाहेर लागतंय असं ती म्हणाली, तरी तसंच. नाळेच्या बाबतीत सिस्टर येईपर्यंत तिला गुडघे आणि छाती टेकवून, नितंब वर करून ठेवा.

आणखी एक साधी गोष्ट हाताला कळते. जघनास्थीच्या लगेच वर मऊ फुगवटा दिसत असेल आणि तिथे हात लागला की ती कळवळत असेल, तर लघवी साठलेली असू शकते. भरलेली लघवीची पिशवी बाळाची वाट अडवते. दर दोन तासांनी तिला लघवीला जायची आठवण द्या. पण “शीला लागल्यासारखं वाटतंय” असं म्हणाली तर एकटीला संडासात पाठवू नका. आधी सिस्टरांना बोलवा.

पोट चाचपण्याबद्दल

ख्रिस्टियान लिओपोल्ड या जर्मन प्रसूतितज्ज्ञाने १८९४मध्ये मांडलेल्या, पोटावरून बाळाची स्थिती ओळखायच्या चार पकडी आजही जगभर नर्सिंगच्या मुलींना शिकवतात. डौलाने त्या शिकाव्यात का? बाहुली आणि मॉडेलवर जरूर शिकाव्यात, म्हणजे सिस्टर काय करताहेत ते समजतं आणि बाईला आधी सांगून ठेवता येतं. कळा देणाऱ्या बाईच्या पोटावर करू नयेत. चुकीच्या उत्तराची किंमत तिला मोजावी लागते, आणि बरोबर उत्तर आलं तरी त्यावर वैद्यकीय पाऊल उचलायचा अधिकार तुमच्याकडे नसतो.

त्याऐवजी गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत तिलाच तिचं पोट ओळखायला शिकवा. निवांत वेळी मागे रेलून बसायचं, लाथा कुठे लागतात, उचकी कुठे जाणवते, कोणत्या बाजूला सलग कडक लागतं, ते कागदावर काढायचं. अमेरिकेतल्या प्रसाविका गेल टली यांनी ही रीत लोकप्रिय केली. यातून निदान होत नाही, पण बाई आपल्या पोटाशी ओळख करून घेते आणि डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारते. छत्तिसाव्या आठवड्यानंतरही डोकं वर लागतंय असं वाटलं, तर पुढच्या भेटीची वाट न बघता विचारावं. सोनोग्राफीत खरं काय ते कळेल. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर नकाशा, गोड खाणं, डाव्या कुशीवर झोपणं, यात वेळ न घालवता त्याच दिवशी दवाखाना.

आणि हे ठासून सांगते: तेल लावून, पोट चोळून बाळ फिरवायचा प्रयत्न घरी कुणीही करू नये, डौलाने तर नाहीच. बाहेरून बाळ वळवायची वैद्यकीय पद्धत आहे; ती डॉक्टर करतात, बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून, ऑपरेशन थिएटर जवळ असताना. घरच्या हाताने वार सुटू शकते.

तसंच बाळ बाहेर यायच्या वेळी पोटावरून खाली रेटा देणं. काही ठिकाणी नातेवाइकांना किंवा सोबतिणीला “जरा वरून दाबा” असं सांगितलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या मार्गदर्शनात असा दाब देऊ नये असंच म्हटलंय. तुम्ही तो द्यायचा नाही. “मला हे करायची परवानगी नाही, मी तिचा हात धरते,” एवढं वाक्य पाठ करून ठेवा. वाद घालायची ती वेळ नसते.

नितंबांमधल्या रेषेत वर चढत जाणाऱ्या जांभळट खुणेबद्दल कार्यशाळांमध्ये खूप उत्साहाने बोललं जातं. गर्भपिशवीचं तोंड उघडतं तशी ती वर जाते, असं निरीक्षण आहे. २०१०च्या एका अभ्यासात ती साधारण तीनचतुर्थांश स्त्रियांमध्ये दिसली. म्हणजे दर चौथीत ती दिसतच नाही. गाऊन वर करून ती शोधायला जाऊ नका. ‘किती उघडलंय’ याचा अंदाज बांधायची घाई मुळात डौलाला कशाला? ५ सेंटीमीटरपर्यंतचा काळ बाईगणिक वेगळा असतो, आणि तासाला १ सेंटीमीटर हा वेग काही बायकांसाठी अवास्तव आहे, हेही त्याच २०१८च्या मार्गदर्शनात आलंय. डौलानेही सेंटीमीटर मोजायला सुरुवात केली तर तिच्याजवळ नुसतं बसायला कुणीच उरत नाही.

जिथे हात थांबतो

पायाची मालिश सगळ्यांना आवडते, पण गर्भारपणात आणि बाळंतपणानंतर पोटऱ्या खोल दाबून चोळू नका. या काळात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. दोन्ही पोटऱ्यांवर एकाच वेळी तळहात ठेवून बघा: एकच जास्त गरम, जास्त सुजलेली, लालसर, दुखरी असेल तर मालिश बंद आणि डॉक्टरांना फोन. पावलांची सूज गर्भारपणात सर्रास दिसते. पण चेहरा, बोटं सुजली, अंगठी एकाएकी घट्ट झाली, डोकं सतत दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, यातलं काहीही असेल तर रक्तदाब लगेच मोजून घ्यायला पाठवा. मोजून देऊ नका, मोजून घ्यायला पाठवा.

एपिड्युरल दिलेल्या बाईच्या बाबतीत तुमचा हात तिच्यासाठी धोक्याची घंटा होतो, कारण तिला स्वतःला कळत नाही. गरम पाण्याची पिशवी बधिर भागावर ठेवायची नाही, भाजतं. गुडघ्याचा दाब नाही. दर अर्ध्या-पाऊण तासाने सिस्टरांना विचारून कूस बदलायला मदत करा, पाय कुठे दुमडून दबला नाही ना ते बघा, गुडघ्यांमध्ये उशी द्या.

बाळ झाल्यावर सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं. तुमचं आईकडे राहू द्या. हात गार आणि ओलसर लागले, ती अस्वस्थ झाली, ओठ पांढरे पडले, पॅड तासाभराच्या आत भिजला, तर लगेच सांगा. गर्भाशय घट्ट झालंय का ते बघणं सिस्टरांचं काम. तुमचं काम त्यांना वेळेत आणणं.

सरकारी रुग्णालयात

केंद्र सरकारने २०१६मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतिणीला परवानगी दिली, आणि २०१७च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही ती सोबत धरलेली आहे. पण ही सोबतीण शक्यतो घरातली, स्वतः बाळंतपणातून गेलेली बाई असावी, तिने उपचारांत ढवळाढवळ करू नये आणि इतर बायकांकडे जाऊ नये, अशा अटी आहेत. म्हणजे पैसे घेऊन आलेल्या डौलाला तिथे आत जाता येईलच असं नाही. मला हा अडथळा वाटत नाही. तुम्ही शिकलेलं आठव्या-नवव्या महिन्यात त्या घरातल्या मावशीला, जावेला, आईला शिकवा. कमरेवरचा दाब, खुर्चीतला गुडघ्याचा दाब, कळ मोजायची रीत, आणि ‘पोट मऊ पडत नाही, रक्त जातंय, शीला लागल्यासारखं वाटतंय’ ही तीन वाक्यं सिस्टरांना कशी सांगायची ते. एका संध्याकाळी होण्यासारखं आहे. महाराष्ट्रातल्या घरोघरी बाळंतिणीला चोळायची कला असलेल्या बायका आहेत. त्यांच्या हातांना नवं तंत्र पटकन समजतं. पोट रगडायची सवय असेल तर तेवढी तिथेच सोडवून घ्या.

कार्यशाळा निवडताना

फी भरण्याआधी चार गोष्टी विचारा. शिकवणाऱ्यांपैकी निदान एक जण नोंदणीकृत प्रसाविका किंवा डॉक्टर आहे का. प्रात्यक्षिक एकमेकींवर आहे की शेवटी संमती दिलेल्या गर्भवती स्त्रियांवरही, आणि तेव्हा देखरेख कुणाची. वेगवेगळ्या बांध्याच्या अंगांवर सराव होतो का, कारण सडपातळ शिष्येच्या पाठीवर सापडलेलं हाड दुसरीच्या पाठीवर सापडत नाही. आणि काय करायचं नाही, यावर किती वेळ देतात. ‘आतून तपासायला शिकवतो’ असं कुणी सांगत असेल तर तिथे जाऊ नका.

परत आल्यावर एक वही ठेवा. प्रत्येक बाळंतपणानंतर तीन रकाने: हाताला काय लागलं, मी काय केलं, ती काय म्हणाली. निदानाचा शब्द एकाही रकान्यात येऊ देऊ नका. ‘बाळ उलटं होतं’ असं न लिहिता ‘कळ गेल्यावरही डाव्या बाजूला खाली दुखत होतं’ असं लिहा. महिन्यातून एकदा एखाद्या अनुभवी प्रसाविकेसमोर ती वही उघडा आणि तिला विचारा, यातलं कोणतं तू लगेच ऐकायला हवं होतंस, आणि कोणत्यासाठी मी तुला उगाच उठवलं. तिने लावलेल्या खुणा पुढच्या बाळंतपणाआधी वाचून जा.